हुकमाच्या आधी

पोतेहीच्या पेटीला कुलूप कुणी घातलं, याबद्दल त्या गावात आजही दोन मतं आहेत. तानांच्या घरातली माणसं सांगतात, सरकारनं. देवळाच्या दाराशी बसणारी माणसं सांगतात, थोरल्यानं.

गाव जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं, लासेम आणि तुबान यांच्या मधलं. नाव देत नाही, कारण माणसं मी रचलेली आहेत. हुकूम आणि तारखा खऱ्या आहेत, आणि भीतीही. या पट्ट्यात चिनी वंशाची कुटुंबं कैक पिढ्यांपासून राहतात. घरात जावानी बोलतात, जावानी चवीचं जेवतात, सणाला लाल कागदाचे कंदील लावतात. त्यांच्या देवळाला तिथे सगळेच क्लेंतेंग म्हणतात.

तानांचे आजोबा, म्हणजे एंगकोंग, यांचं देवळाच्या शेजारी किराणा दुकान होतं. रॉकेल, सुकी मासळी, काड्यापेट्या, उदबत्त्या. दुकान पोटासाठी. जीव सगळा पोतेहीत. पोतेही म्हणजे बोटांवर खेळवायच्या बाहुल्या. लाकडी डोकं, आत पोकळ झगा. तर्जनी मानेत जाते, अंगठा एका हातात, उरलेली बोटं दुसऱ्या हातात. वीतभर उंचीचा सेनापती मग घोड्यावर बसतो, पंखा उघडतो, मिशी कुरवाळतो. खेळ मुळात देवासाठी असतो, म्हणून रंगमंचाचं तोंड नेहमी गाभाऱ्याकडे. या गावात मंच देवळाच्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. उघड्या दारातून देव बघायचा आणि रस्त्यावर बसून अख्खं गाव. बघणाऱ्यांत चिनी थोडे आणि जावानी मुसलमान जास्त, कारण गावच तसं होतं. सुरुवातीची स्तुती तेवढी होक्कियन या चिनी बोलीत, पुढची सगळी कथा लोकांच्या भाषेत. दालांगनं, म्हणजे सूत्रधारानं, मधूनच गावच्या सावकाराला एखादी कोपरखळी मारली की सगळ्यात मोठ्यानं सावकारच हसायचा.

एंगकोंगचे वरचे दोन दात पडलेले होते. त्यामुळे स्तुतीतला प्रत्येक ‘स’ बारीक शिटी घेऊन बाहेर पडायचा.

त्यांनी सरकारं पुष्कळ पाहिली. डच अमदानीत त्यांच्या वडिलांना रेंबांगच्या बाजाराला जायचं तर पास काढावा लागे. चिनी माणसानं नेमून दिलेल्या वस्तीतच राहायचं, बाहेर पडायचं तर परवाना दाखवायचा, असा कायदा होता. मग जपानी आले, गेले. स्वतंत्र इंडोनेशियानं 1946 मध्ये सणांच्या सुट्ट्यांची यादी काढली, तीत चिनी नववर्ष इमलेकही होतं. एंगकोंगनी त्या वर्षी दुकानाला नवा रंग दिला. तेच सुकार्नो अध्यक्ष असताना 1959 मध्ये दहा क्रमांकाचा नियम आला: परदेशी नागरिकांनी खेड्यापाड्यात किरकोळ दुकान चालवायचं नाही. कागदावर ‘परदेशी’ होतं. ते म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. एंगकोंगच्या धाकट्या भावाचं नागरिकत्व अधांतरी होतं. त्याचं दुकान गेलं आणि 1960 मध्ये तो बायकापोरांसह चीनच्या बोटीत बसला. त्या एका वर्षात लाखभर माणसं अशी गेली. त्यांतल्या अनेकांनी तो देश डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

बंदरावर काकाला निरोप द्यायला एंगकोंगचा मुलगा, थोरला, गेला होता. वय अठरा. काकानं खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात ठेवल्या आणि मग आठवून म्हणाला, “या कुणाला द्यायच्या, ते विचारायचंच राहिलं.”

पुढची पाच वर्षं कशीबशी गेली. 1965 च्या अखेरीस सत्तापालट झाला आणि कम्युनिस्ट म्हणून माणसं मारली जाऊ लागली. मेलेल्यांचा आकडा पाच लाखांच्या आसपास धरतात. त्यांत बहुसंख्य जावा-बालीचे स्थानिकच होते, पण चीन कम्युनिस्ट म्हणून चिनी चेहरा संशयित, हे समीकरण पक्कं झालं. चिनी शाळा बंद पडल्या. चिनी नावं बदलण्याची सोय डिसेंबर 1966 च्या आदेशानं करून देण्यात आली. सोयच ती, सक्ती नव्हे; पण सोय नाकारणाऱ्याकडे कसं बघितलं जाईल, ते सांगायची गरज नव्हती. लिमचे सालिम झाले, तानचे तानुविजाया. विजय, गुणवान, सत्यवान असल्या संस्कृत शब्दांपासून आलेली जावानी नावं हजारो चिनी कुटुंबांनी घेतली. जाकार्ताचं किम तेक ई हे जुनं देऊळ ‘विहार धर्म भक्ती’ झालं. आपल्याला ही नावं घरची वाटतात, म्हणून ती किती निमूटपणे घेतली गेली, ते पटकन ध्यानात येत नाही. सगळ्यांनीच घेतली असंही नाही. 1980 मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात आपल्या प्रकाश पदुकोणनं ज्याला हरवलं, तो लिम स्वी किंग लिम स्वी किंगच राहिला.

तर त्या गावात 1967 च्या डिसेंबरात चौदा क्रमांकाचा हुकूम आला. चामात, म्हणजे आपल्याकडचा तहसीलदार म्हणा, स्वतः देवळात आला. ओसरीवर बसून चहा प्यायला. टंकलिखित प्रत थोरल्याच्या हाती दिली आणि म्हणाला, “रस्त्यावर काही नको. आता दिवस तसे नाहीत.” एवढं बोलून तो शेजारच्या गावाला गेला. बाहेर शेंगदाणेवालीकडून त्यानं जाता जाता पुडी घेतली. पैसेही दिले. याची आठवण लोकांना राहिली.

एंगकोंग म्हणाले, “ठीक आहे. मंच आत अंगणात घेऊ. देवाला जवळ पडेल.”

थोरला म्हणाला, “नाही.”

त्याच संध्याकाळी त्यानं बाहुल्यांची पेटी देवळातून उचलून घरी आणली, माडीवर ठेवली आणि तिला पितळी कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी दुकानावरची अक्षरं खरवडली. तिसऱ्या दिवशी पूर्वजांचा देव्हारा पुढच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघराच्या मागे, तांदळाच्या पिंपापलीकडे नेला. घरात होक्कियन बोलायची नाही, इमलेकला नवे कपडे घालायचे नाहीत, मुलांना आंगपाव, म्हणजे सणाची पैशांची भेट, द्यायची तर लाल पाकिटात नको, साध्या पांढऱ्या पाकिटात. यातलं काहीच चामात बोलला नव्हता.

घाबरणाऱ्याला हसणं फार सोपं असतं. काकाच्या किल्ल्या थोरल्याच्या खणात होत्या. पंचवीस वर्षांच्या माणसानं बोट पाहिली, दोन वर्षांपूर्वी नदीत वाहून आलेली प्रेतं पाहिली. त्यानं कुलूप घातलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ती प्रत त्यानं नीट घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली. वाचली नाही.

तो डबा पुढे भरत गेला. जन्मदाखला, आई-बापाचे दाखले, नाव बदलल्याचं पत्र, आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नागरिकत्वाचा दाखला. हा दाखला चिनी वंशाच्या माणसालाच मागत. शाळाप्रवेशाला, पासपोर्टला, कर्जाला, लग्नाला. 1992 च्या ऑलिंपिकमध्ये देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारी सुसी सुसांती हिलाही या कागदासाठी खेटे घालावे लागले होते. थोरला प्रत्येक कागदाच्या दहा दहा प्रती काढून, साक्षांकित करून ठेवायचा. विमानतळावरच्या जकातीच्या अर्जात शस्त्रं आणि अंमली पदार्थ यांच्या पंक्तीत चिनी अक्षरांतला छापील मजकूरही येई. थोरल्यानं घरातलं जुनं पंचांग आधीच जाळलं होतं. विमानात तो कधी बसला नाही, ही गोष्ट वेगळी.

शेंगदाणेवालीला अकरा वर्षांचा पोरगा होता. खेळ बंद झाला तेव्हा सगळ्यात जास्त हिरमोड त्याचा झाला. तो रोज तिन्हीसांजेला दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन बसू लागला. “एंगकोंग, सी जिन क्वीचं पुढे काय झालं?” पांढऱ्या चिलखतातला तो सेनापती पुलाच्या टोकाशी अडकला होता, तिथेच खेळ थांबला होता. एंगकोंग दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातला रुमाल काढला, एका टोकाला गाठ मारून डोकं केलं, तर्जनीवर चढवलं आणि सेनापतीला पुलावरून पलीकडे नेलं.

बाहुल्या कुलपात होत्या, त्यामुळे पोरगा बाहुल्यांवाचूनच शिकला. आधी नुसत्या बोटांनी. चालणारा म्हातारा, रागावलेला मंत्री, लाजणारी मुलगी, सगळं मनगटात. एंगकोंग त्याचं मनगट धरून म्हणायचे, “झगा नाही म्हणून बरंय. झग्याखाली चूक झाकली जाते.” स्तुती तो ऐकून ऐकून पाठ करत गेला. अर्थ विचारला तर एंगकोंग अर्धा सांगायचे, अर्धा त्यांनाही येत नव्हता. त्यांच्या गुरूनं तसाच दिला होता. पोरानं ‘स’ला शिटी घेतली तेव्हा एंगकोंग हसले, पण दुरुस्त केलं नाही.

थोरला हे पाहत होता. त्यानं मना केलं नाही, कारण पोरगा जावानी होता. त्याच्या तोंडात होक्कियन आली तर ती नक्कल ठरणार, गुन्हा नव्हे, असा त्याचा हिशेब असावा. स्वतःच्या मुलाला मात्र त्यानं मागच्या दाराकडे फिरकू दिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी पोरगा सुराबायाला गेला आणि तिथे त्याला जे दिसलं त्यानं तो चक्रावला. क्लेंतेंगच्या अंगणात, भिंतींच्या आत, पोतेही सुरू होती. रोज. झांजा वाजत होत्या, नवस बोललेले लोक खेळ लावत होते. वाजवणारे आणि नाचवणारे बरेचसे त्याच्यासारखेच, देवळाच्या दाराशी शेंगदाणे-सरबत विकणाऱ्यांची पोरं. चिनी घरांतली मुलं या कलेपासून लांब पळत होती आणि जी कला त्यांनी सोडली ती या पोरांच्या बोटांवर जगत होती. इतिहासात हे असंच घडलेलं आहे. जावाच्या अनेक गावांत राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या बत्तीस वर्षांच्या राजवटीत पोतेही टिकली ती मोठ्या प्रमाणात जावानी मुसलमान दालांगांमुळे.

पोरानं एंगकोंगना निरोप पाठवला: इथे चालू आहे, आत बसून. कुणी काही म्हणत नाही. एंगकोंगनी निरोप थोरल्याला सांगितला. थोरला म्हणाला, “सुराबाया मोठं शहर आहे. तिथलं वेगळं.” एंगकोंग 1979 मध्ये गेले. माडीवरची पेटी तशीच राहिली.

पोरगा दालांग झाला. गावी परतून त्यानं लग्न केलं, घराच्या पडवीत बाहुल्यांची डोकी कोरू लागला. मशिदीतल्या एका वडीलधाऱ्यानं त्याला विचारलं, “चिन्यांच्या देवापुढे खेळ करतोस, हे शोभतं का?” तो म्हणाला, “देव त्यांचा, बोटं माझी.” वडीलधाऱ्याचं समाधान झालं नाही, पण त्यांच्या नातवानं पुढे याच पडवीत झांजा शिकायला घेतल्या.

मे 1998. जाकार्तात 12 तारखेला त्रिसाक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले आणि पुढचे तीन दिवस शहर जळत होतं. सोलोतही आगी लागल्या. चिनी वस्त्या, चिनी दुकानं, चिनी बायका. हजारावर माणसं मेली, त्यांत लुटीच्या गर्दीत आगीत सापडलेले गरीब स्थानिकही होते. दुकानदार फळ्यांवर ‘मालक स्थानिक’ असं रंगवत सुटले. आपल्या गावात काही जळलं नाही, पण ते जळणार नाही हे आधी कुणाला माहीत होतं? शेंगदाणेवाली तेव्हा सत्तरीची. ती आपली टोपली घेऊन थोरल्याच्या बंद दुकानापुढे तीन रात्री बसली. आतून थोरल्याच्या बायकोनं विचारलं, “म्बोक, फळीवर काही लिहू का?” म्हातारी म्हणाली, “मी बसलेय ना. मला वाचता येत नाही, त्यांनाही येत नसेल.”

21 मे रोजी सुहार्तो पायउतार झाला. पुढच्या वर्षी अब्दुर्रहमान वाहिद अध्यक्ष झाले. लोक त्यांना गुस दुर म्हणत. मोठ्या मुस्लिम संघटनेचे नेते, दृष्टी जवळपास गेलेली, विनोदी. त्यांनी 17 जानेवारी 2000 रोजी एका आदेशानं 1967 चा तो चौदा क्रमांकाचा हुकूम रद्द केला. सेमारांगच्या चिनी समाजानं त्यांच्या मृत्यूनंतर आपल्या पूर्वजांच्या नामफलकांत त्यांचाही फलक ठेवला, यावरून त्या कागदाचं वजन कळावं.

दालांग दुसऱ्याच दिवशी थोरल्याकडे आला. “कोह, पेटी उघडू या.”

थोरला म्हणाला, “हा अध्यक्ष किती दिवस टिकतोय बघू.”

गुस दुर पुढच्या वर्षी खरोखरच पडले. थोरल्याला त्यात समाधान वाटलं असेल का? मला वाटतं, हो. खरं ठरलेल्या भीतीची एक गोडी असते. पण त्यांच्या जागी आलेल्या मेगावतींनी उलट इमलेकला राष्ट्रीय सुट्टीच जाहीर केली, 2003 पासून. आणि मग गंमत झाली. त्या वर्षी बुपातीच्या, म्हणजे जिल्हाप्रमुखाच्या कचेरीतून थोरल्याला पत्र आलं: पर्यटनवाढीसाठी आपल्या समाजानं इमलेक जाहीर आणि भव्य प्रमाणात साजरा करावा. सोबत यादी. कंदील शंभर, सिंहनृत्याचे संघ, लाल पोशाख, पारंपरिक बाहुल्यांचा खेळ. बुपाती उपस्थित राहतील.

थोरल्यानं यादीतल्या एकेका ओळीपुढे खूण करत सगळं पार पाडलं. पस्तीस वर्षं जितक्या तत्परतेनं लपवलं, तितक्याच तत्परतेनं दाखवलं. यादीत खेळ होता म्हणून पेटी खाली आली. किल्ली सापडेना. लोहारानं कडी तोडली.

आत वाळवीनं घर केलं होतं. झगे हात लावताच भुगा होत होते. एका राणीचा अर्धा चेहरा शाबूत होता, उरलेला पोखरलेला. चांगल्या स्थितीत सापडली ती फक्त झांजांची जोडी आणि सी जिन क्वीचा पितळी भाला, करंगळीएवढा. थोरल्यानं पेटी बंद केली आणि म्हणाला, “सरकारनं वाटोळं केलं.” दालांग काहीच बोलला नाही. तो घरी जाऊन स्वतःच्या बाहुल्या घेऊन आला.

खेळाआधी थोरल्यानं त्याला बाजूला घेतलं. “स्तुती या वेळी इंडोनेशियनमध्ये म्हण. बुपाती पुढेच बसलेत. होक्कियन जरा जास्तच होईल.”

“यादीत तसं लिहिलंय?”

“लिहिलं नाही. पण आपण समजून घ्यायला हवं.”

दालांग मंचामागे गेला. झांजा वाजल्या. आणि आतून पहिला ‘स’ आला, शिटीसकट. दालांगचे दात सगळे जागच्या जागी होते. थोरल्याच्या बायकोनं खुर्चीचा हात पकडला. तिला सासऱ्यांचं तोंड दिसलं असावं, पोकळ जबडा आणि पानानं रंगलेले ओठ. बुपातींनी मान वळवून थोरल्याला विचारलं, “ही कुठली भाषा?”

थोरला क्षणभर थांबला. मग म्हणाला, “जुनी जावानी आहे, पाक.”

बुपातींनी कौतुकानं मान डोलावली.

हे वाक्य थोरल्याच्या नातीनं ऐकलं. ती तेव्हा दहा वर्षांची. शाळेत तिला मँडरिन सुरू झाली होती, कारण आता ती शिकवायला परवानगी होती आणि चीनशी व्यापार वाढत होता. पुढे ती अस्खलित मँडरिन बोलू लागली. होक्कियन मात्र तिला दालांगच्या तोंडून ऐकलेली तेवढीच येई. प्रत्येक ‘स’ला शिटी मारणं हा स्तुतीचा नियमच आहे, अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

2017. जुलैत तुबानच्या क्वान सिंग बिओ या समुद्राकडे तोंड असलेल्या देवळात क्वान कोंग या योद्ध्या देवाचा सुमारे तीस मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. महिनाभरातच ओरड सुरू झाली: परक्या सेनापतीचा एवढा मोठा पुतळा आमच्या भूमीवर का? अखेर देवळानंच तो पांढऱ्या कापडात गुंडाळला. त्या वर्षी हवा आधीच तापलेली होती. जाकार्ताचे चिनी वंशाचे ख्रिस्ती गव्हर्नर आहोक धर्मनिंदेच्या आरोपाखाली मे महिन्यात तुरुंगात गेले होते. तीस मीटरच्या देवाला गुंडाळल्याचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं. पुतळा त्या कापडात कसा दिसत होता, हे ज्यानं पाहिलं त्यानं विसरणं कठीण.

थोरला पंचाहत्तर वर्षांचा, देवळाच्या समितीचा अध्यक्ष. वर्तमानपत्र वाचून त्यानं चहा संपवला, दुकानातली सगळ्यात मोठी निळी ताडपत्री काढली आणि दोन गडी लावून देवळाच्या छपरावरचे दोन्ही नागसर्प, म्हणजे ते चिनी ड्रॅगन, झाकून टाकले. त्यांच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नव्हता, पत्र लिहिलं नव्हतं, खडाही मारला नव्हता. तोंडावर शरदातल्या पौर्णिमेचा खेळ आला होता. तोही त्यानं रद्द केला.

दालांग आला. एकसष्ट वर्षांचा, सोबत दोन शिकाऊ पोरं, डोक्यावर नेहमीची काळी टोपी. वर निळी ताडपत्री फडफडत होती.

“कोणी सांगितलं, कोह?”

“सांगायच्या आधी केलेलं बरं.”

“पण कोणी?”

नात सुट्टीवर आलेली होती. सुराबायात वकिलाच्या हाताखाली काम करत होती, आणि वकिलांकडे राहिलं की एक वाईट सवय लागते. ती म्हणाली, “आकोंग, कागद दाखवा.”

“कुठला कागद?”

“कुठलाही. ज्यात लिहिलंय की आपण हे करायचं नाही.”

थोरल्याला राग आला. आपल्याला कागदांचं शिकवते? त्यानं कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तळापासून घडी काढून तिच्यापुढे टाकली. घडीवर कागद फाटायला आला होता. “हा वाच. तुला वाटतं आम्ही उगीच भीत होतो?”

तिनं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला. धर्म पाळण्याच्या आणि उपासनेच्या हमीला बाधा न आणता, असं सुरुवातीलाच होतं. पूर्वजांच्या देशाशी नातं सांगणारी चिनी उपासना कुटुंबात, आतल्या आत किंवा एकट्यानं करावी. सण सार्वजनिक ठिकाणी नजरेत भरतील असे नकोत, कुटुंबाच्या घेऱ्यात व्हावेत. तिनं कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

“आकोंग, यात देव्हारा हलवायला कुठे सांगितलंय?”

थोरला गप्प.

“लाल पाकीट? घरात बोलायची भाषा? पेटी?”

कागद वाईटच होता. तिला ते कळत होतं. एका समाजाला आपल्याच देशात मान खाली घालायला लावणारा कागद होता तो. पण त्यानं रस्ता काढून घेतला होता. घर काढून घेतलेलं नव्हतं. दालांगला हे एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं, कारण तो सुराबायाला जाऊन अंगणात डोकावला होता. थोरल्यानं पन्नास वर्षं तो कागद उंदरांपासून आणि पावसापासून जपला होता.

“वाचायला वेळ कुठे होता,” थोरला शेवटी म्हणाला. “कळलं होतं काय असणार ते.”

ताडपत्री आणखी दोन दिवस तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी थोरल्यानं ती उतरवली. कारण विचारलं तर म्हणाला, पावसाची चिन्हं आहेत, मंचावर छप्पर लागेल. मंच कुठे उभारायचा, यावर मात्र तो आणि दालांग तासभर भांडले. दालांगला अंगण चालणार होतं, साठीत झांजा-मंच रस्त्यापर्यंत वाहून नेणं जिवावर येतं. थोरला ऐकेना. “बाबा बाहेर करायचे,” एवढंच त्याचं पालुपद.

बाहेर करायचं तर पोलिसांचा गर्दीचा परवाना हवा. तो सगळ्यांनाच लागतो, लग्नातल्या दांगदुत गाण्यांनाही. थोरला ठाण्यात गेला, बगलेत बिस्किटांचा डबा. खिडकीत तरुण पोलीस होता. त्यानं अर्ज वाचला, तारीख बघितली, ओळखपत्राची प्रत मागितली आणि टाचणी लावून शिक्का मारला.

“झालं, पाक. रात्री अकराच्या आत आटपा.”

थोरला हलला नाही. त्यानं डबा खिडकीच्या फळीवर ठेवून उघडला. “नागरिकत्वाचा दाखला आहे. मूळ प्रत.”

“नको.”

“वडिलांचा पण आहे.”

“नको म्हटलं ना.”

“नाव बदलल्याचं पत्र? 1967 चं आहे, शिक्क्यासकट.”

पोलिसानं मान बाहेर काढून रांगेकडे पाहिलं. “पाक, तुमच्या मागे दांगदुतवाले कधीचे उभे आहेत. जरा सरकता का?”